साधी उन्हाळी की मूत्रपिंडाचं दुखणं?

मैत्रिणींनो, आजचा विषय असा आहे की तो आपण जावेपाशीसुद्धा काढत नाही, मग डॉक्टरांपाशी काढणं दूरच! लघवीला जळजळ होणं, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत उन्हाळी लागणं. "उष्णता झाली असेल" असं म्हणून आपण धन्याचं पाणी पितो आणि कामाला लागतो. मीही तेच केलं आणि चांगलीच फसले, म्हणून हे लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. शाळेत परीक्षांची धांदल. मी अर्धवेळ शिक्षिका, पण परीक्षेच्या दिवसांत काम पूर्णवेळ. शाळेतलं स्वच्छतागृह पाय ठेवू नये असं. त्यामुळे सकाळी पाणी पिऊन निघायचं नाही आणि घरी येईपर्यंत कळ काढायची, ही आम्हा शिक्षिकांची जुनी सवय. एके दिवशी जळजळ सुरू झाली. दर अर्ध्या तासाने जावंसं वाटे आणि होई चार थेंब. ओटीपोट दुखत होतं. सासूबाईंनी धन्याचं पाणी करून दिलं, मी ते पीत राहिले.

तिसऱ्या रात्री मात्र अशी हुडहुडी भरली, की दोन रजया घेऊनही दात वाजायचे थांबेनात. ताप १०३. उजव्या कुशीत, बरगडीखाली पाठीच्या बाजूला ठणका, वर उलट्या. सासूबाई म्हणाल्या, "मलेरिया दिसतोय गं!" ह्यांनी तापाची गोळी दिली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "आधी लघवीला जळजळ होत होती का?" ह्यांच्यासमोर मला लाज वाटली. "थोडीशी," मी पुटपुटले. त्यांनी पाठीवर बरगडीखाली हलकेच मूठ आपटली आणि मी कळवळले. दुखणं मूत्रपिंडापर्यंत पोचलं होतं. तीन दिवस दवाखान्यात सलाइन आणि इंजेक्शनं घ्यावी लागली.

हे होतं कसं? बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचे आपल्याच आतड्यातले जंतू मूत्रमार्गात शिरतात. बायकांचा हा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि शौचाच्या जागेजवळ. म्हणून हा त्रास पुरुषांपेक्षा आपल्याला फार. जंतू मूत्राशयापर्यंतच राहिले तर ती साधी उन्हाळी. तिथून नळीवाटे वर चढले, की मूत्रपिंडाचा संसर्ग.

आता फरक ओळखायचा कसा, ते नीट लक्षात ठेवा.

दुखणं मूत्राशयापुरतं असेल तर जळजळ होते, वरचेवर घाईची लागते, ओटीपोट दुखतं. लघवी गढूळ किंवा उग्र वासाची होते, कधी थोडं रक्तही दिसतं. पण सहसा मोठा ताप नसतो आणि आपण हिंडूफिरू शकतो.

मूत्रपिंडापर्यंत गेलं तर थंडी वाजून ताप येतो, बहुधा एकाच कुशीत दुखतं, मळमळ-उलट्या होतात, अंग पार गळून जातं. जळजळ असतेच असं नाही, हेही ध्यानात असू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कधी ताप न येता नुसतं भ्रमल्यासारखं होतं.

पहिल्या प्रकारात एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावं. दुसऱ्यात त्याच दिवशी, आणि पोटात काही ठरत नसेल तर रात्र असली तरी जावं. हा संसर्ग रक्तात पसरला तर जिवावर बेतू शकतं. दिवस गेलेले असतील, मधुमेह किंवा मुतखडा असेल, तर साध्या जळजळीलाही थांबू नका. गरोदरपणी हे दुखणं वाढलं, तर दिवस भरण्याआधीच बाळंतपणाची भीती असते.

तपासणीसाठी लघवी देताना सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी, आणि शक्यतो औषध सुरू करण्याआधी द्यावी. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. गोळ्या सांगितल्या तितके दिवस पुऱ्या घ्या. बरं वाटलं म्हणून उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी नणंदेला द्यायच्या, हे अजिबात नको! खाज सुटत असेल, अंगावरून पांढरं जात असेल, तर ते दुखणं वेगळं असू शकतं.

धन्याचं पाणी जरूर प्या, पाणी पोटात गेलेलं चांगलंच. पण त्याने जंतू मरत नाहीत. दिवसभर पुरेसं पाणी प्यावं, लघवी तुंबवू नये, शौचानंतर पुढून मागे धुवावं, आणि पतिपत्नीच्या संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि हो, बरी झाल्यावर आम्ही सातजणी मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. मान खाली घालूनच बोललो, पण बोललो. महिन्याभरात दाराला कडी बसली, नळाला पाणी आलं. आता मी बाटलीभर पाणी शाळेत संपवते. तुमच्या शाळेत, कचेरीत काय स्थिती आहे? लाजू नका, एकीने विषय काढला की बाकीच्या बोलतातच.