कूलरची जात कोणती?

कूलर कोणत्याही स्मृतीत नाही. मनूने त्याच्यावर श्लोक लिहिलेला नाही, गावगाड्यात त्याचा बलुतेदार नाही, त्याची टाकी धुण्याचं वतन कोणाला मिळालेलं नाही. पत्र्याची पेटी, पंखा, छोटा पंप आणि तीन बाजूंना जाळ्या, एवढंच हे यंत्र. तरीही उन्हाळ्याच्या तोंडावर तो घासायची वेळ आली की घरातले सगळे हात अचानक कामात असतात आणि वस्तीतल्या कोणाला तरी बोलावणं जातं. कोणत्या वस्तीतल्या, हे विचारावं लागत नाही.

झाशीचं उदाहरण घेऊ. मराठी माणसाला झाशी म्हटलं की राणी लक्ष्मीबाई आठवते. आपल्या वाचकाला तिच्यासोबत कोरी समाजातली झलकारीबाईही आठवेल. पण ज्याने झाशीत मे महिना काढला आहे, त्याला आधी कूलर आठवतो. बुंदेलखंडातलं हे खडकाळ शहर. पारा ४५ अंशांवर सहज जातो. एसी न परवडणाऱ्या घरात कूलर म्हणजे रात्रीची झोप. आणि तो चालला की घाण होणारच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. जाळीतल्या वाळ्यावर किंवा लाकडाच्या किसावर (तिकडे त्याला नुसतं ‘घास’ म्हणतात) पांढरा थर चढतो, टाकीच्या भिंतींना शेवाळ धरतं, तळाशी लू सोबत आलेल्या धुळीचा चिखल साचतो. थंड देशांत घर तापवणाऱ्या रेडिएटरच्या फटींत धूळ बसते, आपल्याकडे घर गार करणाऱ्या पेटीत गाळ बसतो. घर कोणाचंही असो, घाण होतेच. ती काढायची कोणी, हे मात्र आपल्याकडे घाण व्हायच्या आधीच ठरलेलं असतं.

हे काम अडाण्याचं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा करून पाहावं. डेंग्यूचा एडीस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची असते. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. भिंती घासाव्याच लागतात. त्यात पेटी लोखंडी, वायर जुनी, खाली पाणी. प्लग न काढता हात घातला तर माणूस जागेवर जातो. उत्तर भारतात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. म्हणजे या कामाला माहिती लागते, सावधपणा लागतो. तरी त्याला आपण ‘जरा कूलर पुसून दे’ म्हणतो, आणि अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या हातात जुनं फडकं देतो.

आता शेजारच्या एसीवाल्या घरात पाहा. तिथेही जाळीत धूळच अडकते. पण तिथे बॅग घेऊन येणारा ‘टेक्निशियन’ असतो, त्याच्या कामाला ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात, दर आधी ठरलेला असतो, पावती मिळते, काम झाल्यावर चहाही मिळतो. धूळ तीच आहे. फरक इतकाच की एकीकडे कामाचा दाम मोजला आणि दुसरीकडे माणसाची जात मोजली. कूलरवाल्या मुलाला काय मिळतं? ‘देऊ काहीतरी’.

कोणी म्हणेल, त्या लोकांना या कामाची सवय असते. हा ‘सवय’ शब्द नीट ऐका. उत्तर प्रदेशच्या २०२२ च्या तुरुंग नियमावलीत तो कायद्याच्या भाषेत बसलेला होता: साधी कैद झालेल्याला हलकी कामं सांगू नयेत, पण तो तशा कामांची सवय असलेल्या समाजातला असेल तर सांगता येतील. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तुरुंगातून तो शब्द निघाला. घराघरांतल्या अलिखित नियमावलीतून तो कोणतं न्यायालय काढणार?

कूलरची टाकी धुणं आणि हाताने मैला उपसणं एक नाही, हे मान्य. पण दोन्ही कामं कोणाकडे जातात हे ठरवणारी शिडी एकच आहे. २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत देशात ५८,०९८ हाताने मैला उपसणारे नोंदले गेले. त्यांतले ३२,४७३ एकट्या उत्तर प्रदेशातले. ज्यांच्या जातीची नोंद झाली त्या ४३,७९७ पैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. शंभरातले सत्त्याण्णव. याला योगायोग म्हणणाऱ्याने आपली पदवी परत करावी. जात जुन्या घाणीपुरती असती तर फ्लश आल्यावर संपली असती. ती प्रत्येक नव्या घाणीसाठी जुनेच हात शोधते. कूलर हा त्याचा पुरावा आहे, कारण त्याच्या बाबतीत परंपरेची सबबच उरत नाही.

इथवर बोट दुसऱ्यांकडे होतं. आता आपल्याकडे वळवू. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर. कोणाची आई चार घरची धुणीभांडी करत होती, कोणाचे वडील नगरपालिकेच्या झाडूवर होते. आपल्यातले अनेक जण म्हणतात, ‘आईबापांनी आयुष्यभर लोकांची घाण काढली, मी फडक्याला हात लावणार नाही.’ या वाक्यामागची आग खरी आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मेलेली जनावरं ओढणं बंद करण्याचा ठराव झाला, तेव्हा तो कामचुकारपणा नव्हता. जन्माने लादलेलं काम झुगारण्याचं ते बंड होतं. पण ते बंड काम आपल्याखालच्या पायरीवर ढकलण्यासाठी नव्हतं. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते याचसाठी: वरून लाथ बसते आणि खाली मारायला प्रत्येकाला कोणीतरी सापडतं. टू बीएचके घेतल्यावर आपणही स्वयंपाकाची बाई वेगळी, संडास धुणारी वेगळी आणि तिचा कप खिडकीत वेगळा ठेवणार असू, तर भिंतीवरच्या फोटोला हार घालून काय साधलं? आणि बाई ठेवली नाही तर तेच फडकं गुपचूप बायकोच्या हातात जाणार असेल, तर शिडी तुटली नाही, फक्त घरात आली.

परदेशी गेलेली आपली मुलं तिथे रेडिएटरच्या फटीत लांब ब्रश घालून स्वतः धूळ काढतात. तिथली हवा माणसाला थोर बनवते असं काही नाही. जर्मनीत २०१५ पासून लागू झालेलं किमान वेतन घरकाम करणाऱ्यालाही मिळतं, म्हणून दुसऱ्याचा हात फुकट पडत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, मजुरीचा दर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा २०११ चा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. हात स्वस्त ठेवले की जात आपोआप ताजी राहते.

म्हणून मागणी दुहेरी आहे. सरकारकडे: घरकामाला किमान वेतन, तासांची मर्यादा आणि अपघाताची भरपाई द्या. स्वतःकडे: आपल्या घरातली घाण आपली. प्रकृतीमुळे किंवा वेळेअभावी काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं तर एसीवाल्यासारखा दर आधी ठरवा, हातमोजे आणि बूट द्या, प्लग स्वतः काढा, आणि पाणी ज्या पेल्यातून तुम्ही पिता त्याच पेल्यातून द्या. यात उपकार काही नाही. एवढं तर आपण आपल्या आईसाठी मागितलं असतं.

बाकीच्यांनी या रविवारी प्लग काढावा, टाकी अंगणात पालथी करावी आणि घरातल्या मुलालाच, मुलीला नव्हे, घासणी द्यावी. शेजारी विचारतील, ‘साहेब, तुम्ही कशाला? माणूस नाही का मिळाला?’ सांगा, मिळाला की. हा काय, घासतोय.