विश्वामित्री कोणाची?

पावागढावरून येणारी विश्वामित्री ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या घराघरांत शिरली. तत्पूर्वी, मे २०२१ मध्येच, राष्ट्रीय हरित लवादाने तिचे पूरक्षेत्र आखून अतिक्रमणे रोखण्यास सांगितले होते. तरीही आराखडे आधी ठरतात आणि नागरिकांच्या हरकती मागाहून मागविल्या जातात. याला लोकसहभाग म्हणणे ही शुद्ध धूळफेक होय.

'सामान्यांना तांत्रिक बाबी कळत नाहीत' हा युक्तिवाद शासकीय सेवेत असताना मी पुष्कळ ऐकला. परंतु पाणी प्रथम कोणत्या गल्लीत चढते, कोणता नाला बुजविला गेला, मगरी कोणत्या काठावर अंडी घालतात, हे तेथे राहणाऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार? घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. नदीचा आराखडा पक्का होण्यापूर्वी तेथे मांडावा आणि फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीचे कारण लेखी द्यावे.

सयाजीरावांच्या काळातील, १८७९ सालचा कमाटीबाग आपली जुनी कुटुंबे पाहुण्यांना अभिमानाने दाखवितात. त्याच बागेला लागून वाहणाऱ्या नदीसाठी सभेत उभे राहण्याची वेळ आली की मात्र घरी बसतात. महाराजांचे नाव घेण्याचा अधिकार अशा मौनाने टिकत नाही.