चाकांवरचं घर घेताना



या सदरात आपण आजवर फ्लॅट, गृहकर्ज, भाडेकरार अशा एका जागी उभ्या असलेल्या घरांबद्दल बोललो. आज फिरत्या घराबद्दल. टेक्सासमधली माझी भाची आणि तिचा नवरा भाड्याचं अपार्टमेंट सोडून 'फिफ्थ व्हील' ट्रेलरमध्ये कायम राहायचा विचार करताहेत. दोघांचं काम घरून चालतं, भाडं दरवर्षी वाढतं आणि मूल होण्याआधी देश पाहून घ्यावा असं त्यांना वाटतं. इकडे ताईची झोप उडाली आहे. माझी बावीस वर्षं नामपल्लीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात वजनाच्या पावत्या तपासण्यात गेली, म्हणून दोन्ही बाजूंचे फोन मलाच. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत, तेव्हा हा हिशेब सगळ्यांसमोरच मांडते.

आधी हे पाचवं चाक म्हणजे काय ते. पूर्वी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवी गोल चकती बसवत. चार चाकांवरचं जणू पाचवं चाक, म्हणून ते नाव. आपल्या हायवेवरचे कंटेनर ट्रेलर ज्या जोडणीने ट्रकला जोडलेले असतात, ती त्याच जातीची. घराच्या ट्रेलरमध्ये पुढे खाली एक जाड खुंटी असते, ती पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीत अडकते. भार पिकअपच्या मागच्या आसावर येतो, त्यामुळे मागच्या हुकाला बांधून ओढायच्या ट्रेलरपेक्षा हा कमी हेलकावे खातो. रुंदी जास्तीत जास्त साडेआठ फूट. लांबी ३६ फूट धरली तर साधारण ३०० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडची वन-आरके. बाजूला सरकून बाहेर येणाऱ्या खोल्या असतील तर थोडी जास्त.

शोरूममध्ये मुलं पाहतात सोफा, टीव्ही आणि किचनचा ओटा. मी भाचीला म्हटलं, आधी दाराजवळचं स्टिकर वाच. त्यावर ट्रेलरचं कमाल वजन असतं आणि सामानासाठी किती वजन उरतं तेही असतं. जाहिरातीत दिसतं ते कोरडं वजन, म्हणजे रिकाम्या घराचं. आपण रिकाम्या घरात राहत नाही. ६० गॅलनची पाण्याची टाकी भरली की तिचेच सव्वादोनशे किलो होतात. त्यावर कपडे, भांडी, दोघांचे मॉनिटर, तांदळाची पोती.

मग पिकअप. भरलेला ट्रेलर १४,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ६,३५० किलोचा असेल, तर त्याचा साधारण पाचवा हिस्सा खुंटीवाटे पिकअपवर येतो: २,८०० पौंड, जवळपास पावणेतेराशे किलो. पिकअप किती भार वाहू शकतो हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि त्यात खुंटीचा भार, जोडणीचं लोखंड आणि आत बसलेली माणसं असं सगळं धरावं लागतं. साध्या पिकअपची ही मर्यादा बहुधा १,५०० ते २,००० पौंडांच्या आसपास असते. 'आमचा पिकअप बारा हजार पौंड ओढतो' असं विक्रेता सांगेल. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. भाचीच्या नवऱ्याची गाडी या हिशेबात बसेना. म्हणजे ट्रेलरसोबत मोठा पिकअपही घ्यायचा, आणि बजेट तिथेच बदललं. तिकडे ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. जुना ट्रेलर घेत असाल तर काट्यावर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता आपला स्वयंपाक. हे ट्रेलर बऱ्याच अंशी सुट्टीसाठी बांधलेले असतात. रोजची फोडणी, कुकरच्या शिट्ट्या आणि डाळ-तांदूळ धुण्याचं पाणी त्यांच्या हिशेबात नसतं. ओट्यावरचा पंखा वाफ खरोखर बाहेर टाकतो की आतल्या आत फिरवतो ते पाहा. थंडीत हीच वाफ खिडक्यांवर साचते आणि गादीखाली बुरशी धरते. भांड्यांचं पाणी आणि शौचाचं पाणी वेगवेगळ्या टाक्यांत जातं, त्या किती गॅलनच्या आहेत आणि बंदिस्त, ऊब मिळणाऱ्या जागेत आहेत का ते विचारा. नाहीतर हिमात गोठतील. गॅसच्या ३० पौंडी टाकीत साडेतेरा किलो गॅस मावतो, जवळपास आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरइतकाच. पण इथे तो फक्त शेगडीला नाही, हीटरलाही पुरवायचा असतो. विजेची जोडणी ३० अँपची असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फ्यूज उडण्याची वेळ येते. ५० अँपच्या जोडणीला १२,००० वॉट. उन्हाळ्यात टेक्सासमध्ये राहायचं, तर ५० अँपच घ्यावी.

ताईचा प्रश्न मात्र साधा होता: "आम्ही सहा महिने आलो की झोपायचं कुठे?" फिफ्थ व्हीलमध्ये बेडरूम बहुतेक वेळा पुढे, पिकअपच्या वर येते. तिथे जायला आतूनच दोन-तीन पायऱ्या, छत बुटकं आणि बाथरूमही अनेकदा त्याच मजल्यावर. घरात शिरायलाच आणखी तीन-चार पायऱ्या. ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसासाठी हा नकाशा चालणार नाही. बेडरूम मागे आणि सपाट जमिनीवर असलेले ट्रेलरही मिळतात. आई-बाबांना यायला सांगायचं असेल, तर नकाशा निवडतानाच त्यांचा पलंग कुठे ते ठरवा. सोफा उघडून होणाऱ्या पलंगावर सहा महिने निघत नाहीत.

आता कागद. परदेशी नागरिकाने राहता पत्ता बदलला की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं, ग्रीन कार्ड असलं तरी. एच-१बी वर असाल तर आणखी काळजी. घरून काम करणाऱ्याचं घर हेच कामाचं ठिकाण. ते दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. २०१५ च्या एका निर्णयाने हे स्पष्ट केलं आहे. थोड्या दिवसांच्या कामाला सवलत आहे, पण तिला अटी आहेत. भाचीचा नवरा एच-१बी वरच आहे. म्हणजे 'देश पाहायचा' हा बेत सध्या सुट्ट्यांपुरताच उरतो. फार हलायचंच नसेल, तर इतका महागडा पिकअप कशाला, हा प्रश्न आता त्यांच्यासमोर आहे. बुकिंगचे पैसे त्यांनी अजून भरलेले नाहीत, हे बरं.

आणखी तीन गोष्टी. काही कंपन्यांची वॉरंटी कायम राहणाऱ्यांना लागू होत नाही, आणि विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीचा वेगळा घ्यावा लागतो. काही पार्क दहा वर्षांहून जुने ट्रेलर आत घेत नाहीत. आणि टायरवरच्या चार आकड्यांत त्याचं वय असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर दिसायला नवा असला तरी आकडे वाचा.

हे घर म्हणजे गुंतवणूक नव्हे. फ्लॅटसारखी याची किंमत वाढायची नाही, गाडीसारखी उतरत जाईल. तरीही ते चुकीचं ठरत नाही. दोन वर्षं मोकळेपणाने जगण्यासाठी कुणी तेवढे पैसे देत असेल तर तो त्याचा हक्क. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर विकत घेण्याआधी असाच ट्रेलर ऐन थंडीत दोन-तीन आठवडे भाड्याने घ्या. रोजचं जेवण त्यात रांधा, दोघंही एकाच वेळी मीटिंगला बसा, आणि जवळपासच्या एखाद्या काका-काकूंना जेवायला बोलवून त्या पायऱ्या चढायला लावा. आणि आई-बाबांनो, 'घर सोडून गाडीत राहणार?' असं विचारण्यापेक्षा 'दाराजवळच्या स्टिकरवर काय लिहिलंय?' असं विचारा. मुलं जास्त मोकळेपणाने बोलतील.

पुढच्या अंकात पुन्हा भेटू. तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे कळवत राहा.