रस्त्यांचे परीक्षक कोण घडविणार?

एखाद्या व्यापारी पेढीच्या जमाखर्चावर 'हिशेब बरोबर आहे' अशी सही करण्याचा अधिकार आपल्या देशात सहजासहजी कोणाला मिळत नाही. सनदी लेखापालांची संस्था १९४९ साली कायद्याने स्थापन झाली. तिची सनद मिळविण्यासाठी हुशार तरुणालाही अनेक कठीण परीक्षा द्याव्या लागतात आणि अनुभवी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. समाजाला त्यात काही वावगे वाटत नाही. कारण प्रश्न पैशाचा असतो. पण रस्ता माणसांच्या जिवाला सुरक्षित आहे किंवा नाही, हे तपासणाऱ्या परीक्षकाच्या शिक्षणाची स्थिती काय आहे? महामार्गांच्या परीक्षकांसाठी जो प्रमाणपत्र-वर्ग आपल्याकडे मान्यता पावला आहे, तो पंधरा दिवसांचा आहे! या वर्गात बसणारे गृहस्थ अनुभवी अभियंते असतात, हे आम्ही जाणतो. असे वर्ग चालविणाऱ्यांना नावे ठेवण्याचाही आमचा हेतू नाही. मुळीच नसण्यापेक्षा हे बरेच म्हटले पाहिजे. तथापि जी विद्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने अंगी मुरावी, ती एका पंधरवड्यात उरकण्याची पाळी यावी, यात दोष आमच्या विद्यापीठांचा आहे.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता नाही, हे पटण्यासाठी दोनच आकडे पुरेत. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातील होती. म्हणजे देशात दर दिवशी सुमारे ४६० घरांवर हा घाला पडला. एवढी माणसे एखाद्या साथीने दगावली असती, तर विद्यापीठांतून नवे विभाग उघडले गेले असते व संशोधकांना अनुदाने मिळाली असती. अपघाताच्या बाबतीत मात्र आपण पंचनाम्यातील एका ठरीव वाक्यावर समाधान मानतो. 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्यामुळे' हे ते वाक्य. ताबा सुटला हे खरे; पण तो त्याच जागी, त्याच वळणावर, वारंवार का सुटतो, हा प्रश्न पंचनाम्याच्या रकान्यात बसत नाही.

पुणेकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावयास नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडणारा महामार्ग नवले पुलाकडे सलग उताराने येतो. इंधन वाचविण्यासाठी अवजड मालमोटारींचे चालक गिअर काढून गाडी उताराला लावतात, ब्रेक तापतात, आणि नेमक्या ज्या ठिकाणी शहराची गर्दी महामार्गाला भिडते तेथे गाडी आवरेनाशी होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी एकाच मालमोटारीच्या धडकेने येथे ४८ वाहनांची नासधूस झाली. त्यानंतर पाहण्या झाल्या, वेगमर्यादा उतरविली गेली, रस्त्यावर पट्टे आखले गेले. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात पुन्हा भीषण अपघात झाला व माणसे आगीत होरपळून गेली. चालकाची चूक कोणी नाकारीत नाही. परंतु लांब उताराच्या तळाशी वस्ती व वर्दळ असेल, तर एक ना एक दिवस कोणाचा तरी ब्रेक निकामी होणार, हे रस्ता कागदावर असतानाच ओळखणे शक्य असते. ते ओळखण्याची जी विद्या, तिचेच नाव रस्ता-सुरक्षा परीक्षण. सरकारी भाषेतील 'रोड सेफ्टी ऑडिट'.

या विद्येचा उगम ब्रिटनमधला. अपघात कमी करण्याची जबाबदारी तेथील स्थानिक संस्थांवर १९७४ च्या कायद्याने टाकली गेली. त्यातून रस्ता बांधण्यापूर्वीच तो तपासावा ही कल्पना ऐंशीच्या दशकात आकाराला आली आणि १९९१ पासून मुख्य महामार्गांसाठी असे परीक्षण तेथे सक्तीचे झाले. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने परीक्षणाची नियमपुस्तिका २०१० साली काढली व २०१९ साली ती सुधारली. रस्त्याची आखणी, तपशीलवार आराखडा, बांधकाम, वाहतूक सुरू होण्यापूर्वीची पाहणी, अशा प्रत्येक टप्प्यावर, रस्ता रचणाऱ्याहून वेगळ्या आणि स्वतंत्र माणसांनी तो तपासावा. दिवसा पाहावा तसा रात्रीही पाहावा. धोके लेखी नोंदवावेत आणि रस्त्याच्या मालकाने प्रत्येक नोंदीला लेखी उत्तर द्यावे, अशी ही पद्धती आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. नियमाप्रमाणे रुंदी आहे, नियमाप्रमाणे वळण आहे, एवढे पडताळून पाहणे म्हणजे परीक्षण नव्हे. शाळेत शुद्धलेखनाच्या चुका काढणे वेगळे आणि निबंध वाचणाऱ्याला समजेल की नाही हे सांगणे वेगळे. प्रत्येक नियम सुटा सुटा पाळूनही त्या सर्वांच्या बेरजेतून घातक रस्ता तयार होऊ शकतो. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलापाशी मोटार-अपघातात अंत झाला. मोटारीचा वेग आणि मागील आसनावर न बांधलेला पट्टा यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. पण पुलाशी येताच तीन मार्गिकांच्या दोन होतात आणि पुलाचा कठडा धावत्या मोटारीसमोर येतो, ही गोष्टही तपासणीत पुढे आली. माणूस चुकणारच, त्याच्या चुकीला देहांताचे शासन देणार नाही असा रस्ता बांधावा, हे तत्त्व स्वीडनच्या संसदेने १९९७ साली धोरण म्हणून स्वीकारले. पदार्थविज्ञानाचा साधा नियम त्याच्या मुळाशी आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, आणि मनुष्यदेहाची सोसण्याची मर्यादा काही वाढत नाही.

मग हे परकी पुस्तकांवरून शिकता येणार नाही काय? तत्त्वे येतील, उत्तरे येणार नाहीत. २०२२ च्या मृतांपैकी ४४.५ टक्के लोक दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के पायी चालत होते. म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोघे असे, ज्यांच्या भोवती पत्र्याचे कवचदेखील नव्हते. उसाची बैलगाडी, दिव्यावाचून चाललेली ट्रॅक्टरची जोडी, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, पालखीबरोबर महामार्गाने चाललेला वारकरी, दुभाजक ओलांडून शाळेत जाणारी मुले यांचा हिशेब ब्रिटिश पुस्तिकेत कोठून असणार? आमचा रस्ता आम्हीच अभ्यासला पाहिजे. असा अभ्यास स्थापत्यशास्त्रज्ञ एकटा करू शकत नाही. रात्रीच्या अंधारात डोळ्याला काय दिसते हे मानसशास्त्रज्ञाला विचारावे लागते, कोणत्या आघाताने कोणती इजा होते हे वैद्याला, आकड्यांतून योगायोग व कारण वेगळे कसे काढावे हे संख्याशास्त्रज्ञाला, आणि जबाबदारी कोणाची हे कायदेपंडिताला. इतक्या विद्या एका छपराखाली विद्यापीठातच नांदतात. दिल्लीच्या व मद्रासच्या आय. आय. टी. या संस्थांनी या विषयाची केंद्रे चालविली आहेत. इतरत्र वाहतूक-अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गांत तो शिकविला जातो तो बहुधा ऐच्छिक म्हणून. ज्याला हवा त्याने घ्यावा, नको त्याने सोडावा, असा हा विषय आहे काय?

कायद्याची निकडही येथे ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांत प्रमाणांचे पालन न झाल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु मृत्यू चालकाच्या बेफिकिरीने आला की रस्त्याच्या दोषाने, हे न्यायालयापुढे अधिकारवाणीने सांगणारे तज्ज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत कोठे आहेत? ते नसतील तर हे कलम पुस्तकातच राहावयाचे.

यावर दोन आक्षेप येतील. नव्या पदवीने नवे कागदी पंडित निर्माण होतील हा पहिला. तो खोटा नाही. म्हणूनच वर्गातील व्याख्यानांवर विसंबणारा अभ्यासक्रम आम्हांस नको आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अहवाल बासनात गुंडाळून ठेवले जात असतील, तर परीक्षक कितीही विद्वान असून काय उपयोग? परंतु अहवाल गुंडाळणे सोपे जाते याचे एक कारण परीक्षकाच्या दुबळेपणात आहे. रस्ता बांधून घेणारे खातेच त्याला नेमते आणि तेच त्याचा मेहनताना देते. ज्याच्यामागे स्वतःची विद्याशाखा नाही, समव्यावसायिकांचा दबाव नाही आणि आचारसंहिता नाही, तो मनुष्य 'हा रस्ता सुरू करू नका' असे मंत्र्याच्या उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी कसा लिहील? डॉक्टर वा लेखापाल नकार देऊ शकतो, तो आपल्या व्यवसायाच्या बळावर. तसे बळ पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्राने येत नाही. आणि रस्त्यातील दोष दूर केले की माणसे वाचतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली होती. त्याच वर्षी रस्त्यातील दोष शोधणे, पोलिसांची दक्षता व जखमींना त्वरित मदत यांची सांगड घालणारा उपक्रम तेथे सुरू झाला. २०१७ साली मृतांची संख्या १०५ वर आली.

आमची सूचना त्रिविध आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक पदवीधराला रस्ता-सुरक्षेची एक प्रश्नपत्रिका अनिवार्य असावी. कारण उद्याचा रस्ता रचणारा तोच आहे. दुसरे, रस्ता-सुरक्षा परीक्षणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हावा. तो केवळ अभियंत्यांपुरता न ठेवता मानसशास्त्र, संख्याशास्त्र व वैद्यक यांच्या पदवीधरांसही खुला असावा, आणि अनुभवी परीक्षकाबरोबर प्रत्यक्ष रस्त्यांवर, दिवसा व रात्री, ठराविक परीक्षणे केल्यावाचून कोणासही पदवी मिळू नये. तिसरे, विद्यार्थ्यांनी केलेली परीक्षणे आणि त्यांवर खात्यांनी दिलेली उत्तरे विद्यापीठाने नागरिकांस वाचावयास खुली करावीत. उत्तर न देणाऱ्या खात्याचे मौनही त्यात नोंदले जावे.

ही मागणी पुण्याच्या विद्यापीठाकडे करताना आम्हांस एका नावाचे स्मरण होते. हिंदुस्थानातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभारावा ही त्या समितीची शिफारस. १९३४ साली स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस हेही तिच्याच विचाराचे फळ. तेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आजही त्यांचे नाव आहे. देशाला रस्ते कसे मिळावेत याचा विचार करणारा पुरुष ज्या विद्यापीठाचा पाया घालतो, त्या विद्यापीठाने ते रस्ते माणसे मारणार नाहीत याची विद्या शिकवावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येईल काय? अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय कोणी तरी मांडावा, आणि विद्यापरिषदेने तो 'यथावकाश विचारार्थ' न ठेवता त्याचा निर्णय करावा. नवले पुलाचा उतार विद्यापीठाच्या दारापासून काही फार लांब नाही; पहिला प्रात्यक्षिक-वर्ग तेथेच भरवावा.