आनंददायी शनिवार वर्गाबाहेर काढा

राज्य सरकारनं २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. कल्पना चांगलीय. पण कागदी फुलं केली, फोटो ग्रुपवर टाकला, झाला शनिवार, असं होऊ नये.

आपल्याकडं बघण्यासारखं काय कमी आहे का? कंधार, औसा, उदगीरचे किल्ले आहेत, खरोशाची लेणी आहेत. तेवढंही लांब नको. तिसरीच्या पोरांना आठवडी बाजारात न्या, मेथीच्या जुड्यांचा हिशेब करू द्या. पोस्टातून आजोबांना पत्र टाकू द्या. सोयाबीनच्या शेंगेत दाणे किती, ते शेतातच मोजू द्या.

याला वर्गणी लागत नाही. लांबच्या सहलीला पैसे नाहीत म्हणून घरी राहिलेलं सालगड्याचं लेकरू दुसऱ्या दिवशी वर्गात नुसत्या गप्पा ऐकतं. ते कुठल्याच अहवालात येत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीत विचारा, येत्या शनिवारी लेकरांना कुठं नेणार? आणि गुरुजी एकटे कसे सांभाळतील म्हणाल, तर दोघं-तिघं सोबत चला की!