सही करण्याआधी विचारा

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी ठरलेली. इतकी प्रकरणं निकाली, इतक्या कोटींची तडजोड, आणि सोबत पुन्हा एकत्र आलेल्या जोडप्याचा फोटो. वर्षातून चार वेळा हे होतं आणि ते चांगलंच आहे. कोर्ट फी परत मिळते, हेलपाटे वाचतात, बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ एका टेबलाशी बसतात. पण सही करून घरी आल्यावर कळलं की आपण भलतंच कबूल करून बसलोय, तर पुढे काय? ते मात्र कुठल्या बातमीत येत नाही.

आमच्या होटगीतली एक बाई हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. माहेरच्या जमिनीच्या वाटपाचा दावा होता. लोकअदालतीत भावांशी तडजोड झाली. रोख रक्कम मिळेल आणि रस्त्याकडेचा तुकडाही आपल्याकडे राहील, अशी तिची समजूत. कागदावर मात्र रक्कम घेऊन जमिनीवरचा सगळा हक्क सोडल्याचं लिहिलेलं. सही तिचीच. घरात ती कानडी बोलते, बाजारापुरतं मराठी येतं, पण तडजोडीच्या पुरसीशीतलं मराठी तर मला बी.ए. होऊनही दोनदा वाचावं लागतं.

"अक्का, अपील टाकू की," ती म्हणाली.

मैत्रिणींनो, इथेच गोची आहे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे हा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरला जातो आणि तो अंतिम असतो. समोरच्याने कबूल केलेले पैसे दिले नाहीत तर नवा दावा लावायची गरज नाही, सरळ दरखास्त करून वसुली करता येते. म्हणजे हा पक्केपणा आपल्याही उपयोगाचा आहे, हे विसरू नका. उद्या तुमच्या दिराने सही केली आणि परवा तो फिरला, तर हेच कलम तुमच्या बाजूने उभं राहतं.

मग रस्ता पूर्णच बंद का? नाही. २००८ साली पंजाबातल्या एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. लोकअदालतीला स्वतःच्या मनाने निकाल देता येत नाही. दोन्ही बाजूंची संमती नसेल तर तो निवाडाच नव्हे. आणि संमतीने झालेल्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करूनच, तेही अगदी मोजक्या कारणांसाठी. पुढे २०१७ मध्ये एका जमिनीच्या प्रकरणात मालकांनी फसवणुकीचा आरोप करून निवाडा रद्द व्हावा म्हणून दिवाणी दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दावा चालणार नाही, उच्च न्यायालयातच जा.

तिथे गेल्यावरही "मला कमी मिळालं", "आता मन बदललं" एवढं पुरत नाही. खोटी सही, तोतया माणूस उभा करणं, फसवून घेतलेली संमती असं काही असेल तर ते कुणी, कधी, कसं केलं हे तपशिलाने मांडावं लागतं. कर्नाटकातल्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की तडजोडीचा निवाडा सहजासहजी मोडता येणार नाही. माझ्या मते हे बरोबरच आहे, नाहीतर भाऊबंदकी नातवंडांपर्यंत चालेल. पण न वाचता केलेल्या सहीची किंमतही त्यामुळेच इतकी मोठी होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. तो हक्क एका दुपारी, गर्दीत, "इथं सही करा ताई" एवढ्यावर जायला नको.

एक सोय अलीकडे झाली आहे. पूर्वी उच्च न्यायालय म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याला जोडला गेला. दुसरं म्हणजे, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट शिकलेल्या घरातही माहीत नसते. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, नाहीतर १५१०० वर फोन करा. होटगीच्या त्या बाईचे कागद मी तिथेच द्यायला लावले. फसवणूक झाली की नुसता गैरसमज, हे आता वकील बघतील. मी तिला खोटी आशा दाखवलेली नाही.

आणि टेबलाशी बसलेलं असताना "मला हे मान्य नाही" म्हणायला घाबरू नका. तडजोड झाली नाही तर कोर्टात चालू असलेला दावा बुडत नाही, फाईल परत त्याच कोर्टात जाते आणि पुढची तारीख पडते. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार बऱ्याचदा छापलेलाच असतो, ते पत्र देतानाच विचारून घ्या. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, पैसे कोणत्या तारखेला मिळणार, हे बोटाने दाखवायला सांगा. निवाड्याची प्रत मागून घ्या.

पॅनेलवर बसणाऱ्या मंडळींनाही विनंती आहे. दिवसभरात ढीगभर प्रकरणं पुढ्यात असतात, हे कळतं. पण होटगी, वळसंग, अक्कलकोट या बाजूची बाई समोर असेल तर तडजोड तिला कानडीतून वाचून दाखवा, आणि तिला काय समजलं ते तिच्याच तोंडून, भाऊ बाजूला नसताना, एकदा ऐकून घ्या.