रुग्णाला पालथे करणारे हात कुठे आहेत?

आटपाडी तालुक्यात एखाद्याचा न्यूमोनिया बळावला आणि नळीतून दिलेल्या प्राणवायूने भागेनासे झाले, की ज्यांच्या गाठीला खासगी रुग्णालयाचा खर्च नाही त्यांच्यापुढे एकच वाट उरते. ती वाट मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा सांगलीच्या शासकीय रुग्णालयाकडे जाते, आणि ती ऐंशी किलोमीटरांहून अधिक लांबीची आहे. ग्रामीण रुग्णालयाचा शासकीय साचा ३० खाटांचा. अनेक दिवस कृत्रिम श्वासावर राहणाऱ्या रुग्णाची सोय त्या साच्यात धरलेलीच नाही. त्यामुळे वाहन मिळाले का, खाट मिळाली का, व्हेंटिलेटर मोकळा आहे का, हे तीन प्रश्न गावोगाव विचारले जातात. कार्यकर्तेही त्यांच्यासाठीच धावपळ करतात. चौथा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्या खाटेवरील रुग्णाला पालथे करावयास पुरेसे हात आहेत काय?

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु फुप्फुसांना तीव्र इजा होऊन श्वसन कोलमडलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो जीवनमरणाचा आहे. असा रुग्ण उताणा पडून राहिला, की हृदयाचा व पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांच्या पाठीकडील भागावर येतो. सुजेने जड झालेले फुप्फुस स्वतःच्याच वजनाने तेथे दबते. वायुकोशांचा मोठा वाटा याच भागात असतो आणि रक्तही तेथेच अधिक वाहते. पण हवा तेथे पोहोचत नाही. यंत्राने लोटलेली हवा पुढच्या थोड्या उघड्या वायुकोशांत शिरते व त्यांना ताणून इजा करते. रुग्णाला पोटावर निजवले, की पाठीकडील दबलेला भाग मोकळा होतो, हवा अधिक समप्रमाणात पसरते आणि यंत्रापासून होणारी इजाही कमी होते. या उपायाला नवे औषध लागत नाही. परदेशी चलनात किंमत मोजावे असे यंत्रही लागत नाही.

या विकाराचे पहिले वर्णन १९६७ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी १२ रुग्णांवरून केले. रुग्णाला पालथे करण्याची सूचना १९७४ मध्ये पुढे आली आणि १९७६ मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. पुढे इटलीतील डॉक्टर गॅटिनोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०४ रुग्णांची तुलनात्मक चाचणी घेतली. तिचा निष्कर्ष २००१ मध्ये आला, तो निराशाजनक होता : रक्तातील प्राणवायू वाढला, मृत्यू मात्र घटले नाहीत. त्या चाचणीत रुग्ण दिवसाकाठी सरासरी सातच तास पालथे राहिले होते. २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टर गेरँ यांच्या चाचणीने चित्र पालटले. अधिक गंभीर अशा ४६६ रुग्णांची तीत निवड झाली होती आणि प्रत्येक खेपेस रुग्णाला किमान १६ तास पालथे ठेवले गेले. २८ दिवसांत उताण्या रुग्णांपैकी ३२.८ टक्के दगावले, तर पालथ्या रुग्णांपैकी १६ टक्के. मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आणणारे उपाय अतिदक्षतेच्या शास्त्रात फार थोडे आहेत.

परंतु या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट वाचली पाहिजे. चाचणीत सहभागी झालेल्या अतिदक्षता विभागांना या कामाचा पाच वर्षांहून अधिक काळाचा रोजचा सराव होता. बेशुद्ध माणसाला पालथे करणे म्हणजे कूस बदलणे नव्हे. त्याच्या घशात श्वासनळी असते, मानेत वा हातात सलाईनच्या नळ्या असतात. एकाने डोक्याशी उभे राहून श्वासनळी सांभाळावी, दोन्ही बाजूंना दोघादोघांनी अंग तोलावे आणि सर्वांनी एका इशाऱ्यावर एकदम हालचाल करावी, तेव्हा ते साधते. नळी निसटली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. त्यानंतरच्या १६ तासांत डोके अधूनमधून वळवावे लागते, डोळे जपावे लागतात, गालांवर, हनुवटीवर व छातीवर दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून उशा सरकवाव्या लागतात. हे सारे परिचारिकांचे, कक्षसेवकांचे व मावश्यांचे काम आहे. या उपचारातील खरे यंत्र म्हणजे एकत्र काम करून सरावलेली माणसे होत.

आणि नेमके याच कारणाने तो मागे पडतो. पालथे निजवण्याची जाहिरात करणारी कंपनी नाही, त्याची भलावण करणारा विक्री प्रतिनिधी नाही, त्याच्या खरेदीची निविदा निघत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० देशांच्या पाहणीत अतितीव्र अवस्थेतील रुग्णांपैकी केवळ १६ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना हा उपचार मिळाल्याचे दिसले. उपचार फुकटचा असूनही श्रीमंत देशांतसुद्धा तो दुर्लक्षित राहिला, ही गोष्ट वैद्यकीय बाजाराच्या स्वभावाविषयी पुरेसे सांगून जाते.

कोरोनाच्या साथीत महाराष्ट्राने या स्वभावाचे दर्शन घेतले. राज्यकर्त्यांची सारी भाषा व्हेंटिलेटरांच्या संख्येची होती. तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी ११३ सदोष असल्याची बाब मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आली. केंद्र सरकारने तो ठपका नाकारला. यंत्रे चांगली असती तरी ती चालविणारी माणसे कोठून येणार होती, हा प्रश्न त्या वादात बाजूलाच पडला. त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांनी उशा घेऊन पालथे कसे निजावे याची चित्रे प्रसृत केली. सल्ला चुकीचा नव्हता. जागा असलेल्या कोरोना रुग्णाने पालथे निजल्यास श्वासनळी घालण्याची वेळ काही अंशी टळते, असे पुढे अनेक देशांतील चाचणीत आढळले. मृत्यू घटल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. परंतु खाटांसाठी लोक वणवण करीत असताना शासनाने ‘तुमचे तुम्ही पालथे व्हा’ म्हणावे, यातील अर्थ जनतेला कळला नसेल असे नाही.

साथ ओसरली, उणीव तशीच आहे. कृत्रिम श्वासावरील रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हा सर्वमान्य दंडक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत परिचारिकांची सुमारे ३५ टक्के पदे रिक्त असल्याचे नोंदविले. रिक्त पदांवर शासनाने शोधलेला तोडगा कंत्राटाचा. बाह्यस्रोतामार्फत भरतीच्या विरोधात राज्यातील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याचा ओरडा झाला. पाच वर्षांच्या सरावाने जे कौशल्य येते, ते काही महिन्यांच्या करारावरील, उद्याची खात्री नसलेल्या परिचारिकेत कसे यावे? कायम नोकरीची मागणी ही केवळ पगाराची मागणी नाही. ती रुग्णाच्या प्राणाशी जोडलेली आहे, हे जनतेला पटवून देण्यात चळवळ कमी पडली, असे म्हणणे भाग आहे.

यावर उत्तर ठरलेले असते : तालुक्यातालुक्यात अतिदक्षता विभाग काढणे परवडणारे नाही, आणि पालथे निजवून प्रत्येक रुग्ण वाचत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मणक्याला अस्थिर इजा असलेल्या रुग्णाला हा उपाय करता येत नाही. सौम्य आजारात त्याची गरज नसते. आटपाडीत उद्या अतिदक्षता विभाग उघडावा असाही आग्रह नाही. परंतु ऐंशी किलोमीटरांची वाट तुडवून मिरजेस पोहोचलेल्या शेतमजुराला तेथे शास्त्रशुद्ध उपचार मिळावा, एवढी अपेक्षा तरी अवास्तव मानता येणार नाही.

आटपाडी-खानापूरच्या दुष्काळी पट्ट्याला तर या प्रश्नाचे आणखी एक अंग आहे. येथील हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत. सोने-चांदी शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर कोंदट खोलीत साचतो. तो छातीत गेला की आरंभी थोडा खोकला येतो, माणूस कामाला लागतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणजे ज्या आजाराची ही चर्चा आहे, तो या भागातील श्रमिकाच्या कामाच्या जागीच दबा धरून बसलेला आहे. भट्टीवर धूर बाहेर खेचणारी व्यवस्था असणे आणि धूर छातीत गेलेल्या कामगाराला बरे वाटत असले तरी दिवसभर वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे, हे उपचाराच्या आधीचे कर्तव्य होय.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मिरज व सांगली येथील अतिदक्षता विभागांत प्रत्येक पाळीला किती रुग्ण व किती परिचारिका असतात, हे शासनाने दर महिन्यास जाहीर करावे. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. परिचारिका, कक्षसेवक व मावश्या यांना या उपचाराचे एकत्रित शिक्षण द्यावे व त्यांची पथके वारंवार मोडू नयेत. ग्रामीण रुग्णालयातील व १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांना असा रुग्ण वेळीच ओळखून पाठविण्याचे प्रशिक्षण मिळावे. कार्यकर्त्यांनी रुग्णालयाच्या दारात जाऊन यापुढे केवळ व्हेंटिलेटर किती, एवढे विचारून परतू नये.

कृष्णेला पाणी असून आटपाडीची राने कोरडी का, हा प्रश्न १९९३ पासून याच तालुक्याने पाणी संघर्षातून विचारला आणि समन्यायी वाटपाची मागणी राज्याला ऐकावयास लावली. उपचार ठाऊक असून माणसे का दगावतात, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. पाण्यासाठी जो धीर व जी चिकाटी या भागाने दाखविली, तीच आता रुग्णालयातील हातांसाठी दाखवावी लागेल.